आईचा मोकळा आवाज

प्रिय अजितदादा,

पुण्यात तू माझ्यासाठी खोली पाहिलीस, पण आईला कळसाडीत एकटीला सोडून निघवत नव्हतं. माझं काम घरूनही होतंच.

आठवतं, कापूस वेचताना ती कशी गायची? काल मी विचारलं, "आई, आते तू गाणं का बरं म्हनत नही?"

ती हसली. "तुन्ही मिटिंग चालू ऱ्हास ना, बेटी! तू पुण्याले जाय. मी मोकळं गाणं म्हनसू."

मी लॅपटॉप मिटला. "आतेच म्हन."

आवाज कापत होता, तरी ती गायली. भिंतीपलीकडून धनुबाईमावशीनेही सूर धरला.

मी येतेय, दादा. हे पत्र पाठवणार नाही. फोनवर फक्त गाडीची वेळ सांगेन. जास्त बोलले तर रडू येईल.

तुझीच,
यामिनी