तिसऱ्यांदा विचारलं तर

बुधवार, ९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. दोन वर्षांत ना फोन, ना चार ओळी, आणि आज एकदम ‘तीर्थस्वरूप’ वाचून वहिनीला हाक मारली असशील, “अगं, भोंग्याचं पत्र आलंय!” वाच बाबा, फाडू नकोस. मी मजेत आहे. वहिनीला नमस्कार सांग. तुझा गुडघा कसा आहे?

इथे कृत्रिम पाय बनवायच्या कारखान्यात मी विभागप्रमुख आहे. ते तुला ठाऊकच आहे म्हणा, त्या नोकरीवरूनच तर आपलं वाजलं. ते असो. आमच्या खोलीत आम्ही पाच जण आणि पाचही वेगवेगळ्या मुलखांतले. पट्टे शिवणाऱ्या बाई मनात येईल ते तोंडावर बोलतात. प्लास्टरवाले काका साठीचे, दिवसात दहा शब्द बोलले तर शपथ. आणि मी कशी बोलते ते तू भोगलं आहेसच.

गेल्या महिन्यात एक टपालवाला आला. त्याचा जुना कृत्रिम पाय तडकला होता. सोमवारी कामावर हजर झाला नाही तर त्याची फेरी दुसऱ्याला मिळणार, म्हणून बिचारा रडकुंडीला आलेला. मी म्हटलं, संध्याकाळ झाली तर झाली, आजच साचा घेऊ. उरलेल्या पायाला ओलं प्लास्टर गुंडाळून साचा घ्यायचा आणि त्यावरून वाटी करायची, तिच्यात पाय बसतो. वाटी सैल झाली की मुसळ केरात.

काका म्हणाले, “बाई, प्लास्टर उद्या सकाळी भिजवू का?”

“नाही, आत्ता.”

काकांनी बादली आणली, टपालवाल्याच्या पायाकडे पाहिलं. “उद्या सकाळी भिजवू का?”

“अहो, आत्ता म्हटलं ना!”

तिसऱ्यांदा तेच विचारल्यावर माझा पारा चढला. भोंगा असा वाजला की टपालवाल्याने कान झाकले. काकांनी मुकाट्याने प्लास्टर भिजवलं.

शुक्रवारी त्याला नवा पाय घातला. चार पावलं चालला आणि वाटी गर्रकन फिरली. टपालवाला माझ्याकडे तोंड करून उभा, पाऊल दाराकडे! “बाई, याला माझ्याआधी घरी जायची घाई झालीय,” म्हणाला. सगळे हसले. मी मात्र वाटी काढून पाय पाहिला, तर तो बारीक झालेला. त्या संध्याकाळी, दिवसभर पाय लोंबता ठेवून बसल्यामुळे, त्याला सूज होती आणि मी त्या सुजेचा साचा घेतला होता!

पट्टेवाल्या बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. “काकांनी तीनदा विचारलं होतं ना? त्यांच्याकडे वरच्या माणसाला ‘चुकतंय’ म्हणत नाहीत. तेच पुन्हा पुन्हा विचारतात. तिसऱ्यांदा विचारलं की समोरच्याने थांबायचं असतं.”

“मग हे मला आधी कोणी सांगायचं?”

“तुमचा आवाज थांबला असता तर सांगितलं असतं!”

काकांकडे जाऊन माफी मागितली. ते घाबरतच म्हणाले, “मला वाटलं, तुम्ही रोजच माझ्यावर रागावता.” मी म्हटलं, “अहो काका, हा माझा प्रेमाचा आवाज आहे!” तेव्हा ते पहिल्यांदा खळखळून हसले. शनिवारी सकाळी नवा साचा घेतला, रविवारी सगळे आपणहून आले, आणि सोमवारी टपालवाला पिशवी घेऊन निघाला. आता काकांनी दुसऱ्यांदा विचारलं तरी मी हातातलं काम खाली ठेवते.

हो, गुडघा कसा आहे ते कळव.

खरं सांगू? काकांपुढे हसले आणि मग आत जाऊन रडले. मला आपला स्टँड आठवला. तू विचारलंस, “तिकीट नीट ठेवलंयस ना?” बस लागल्यावर पुन्हा तेच. मी पायरीवर असताना पुन्हा. मी सगळ्यांदेखत ओरडले, “मी काय कुकुलं बाळ आहे? तुझ्या या कटकटीलाच कंटाळून चाललेय!” तू गप्प झालास, तो आजपर्यंत.

दादा, तिकीट माझ्या मुठीत होतं. तुला दिसत होतं. आई जाऊन महिनाच झाला होता, आणि ‘जाऊ नकोस’ हे काही तुझ्या तोंडून निघेना. काकांचा मुलूख तरी परका. आपण दोघं तर एका ताटात जेवलो, तरी मला कळलं नाही. चुकलं माझं. तुझी फार आठवण येते रे.

हे पत्र त्याच टपालवाल्याच्या हातात देणार आहे. ‘उत्तर मीच आणून देईन’ म्हणालाय आणि रोज दारावरून जाताना नकारार्थी मान हलवायची तालीमही करतोय मेला. त्याची ती तालीम वाया घालव.

आणि दादा, तुझा गुडघा कसा आहे?

मोजलंस ना? तिसऱ्यांदा विचारलंय.

तुझाच,
भोंगा