बकरीच्या तोंडून वाचलेलं रोप

आदरणीय वडीलबंधू मुबारकदादा यांस, सोकोत्रा बेटावरच्या हदीबो गावातून धाकट्या सालमीनचे मनापासून सलाम. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला? आणि आपल्या मुकल्ल्याचा मासळीबाजार मी नसताना चालला आहे ना? (चालला असला तरी तसं कळवू नका, मनाला लागतं.) इकडे मी आणि अफ्राह, आम्ही बापलेक सुखरूप आहोत. माझा उजवा पाय जरा कमी सुखरूप आहे, पण त्याचा दोष तिच्या कॉलेजच्या सहलीला देऊ नका. तो मी होडीतून उतरतानाच मुरगाळून घेतला होता.

दादा, निघताना तुम्ही बजावलं होतंत की पोरीने डोंगर हुंगत फिरायचं याला शिक्षण म्हणत नाहीत. ही सहल पहिली आणि शेवटची, तीही बाप बरोबर असेल तरच, आणि परत आल्यावर तिच्या कॉलेजचं काय करायचं ते मी ठरवीन. तुम्ही घरातले मोठे, तेव्हा शब्द तुमचाच चालणार. म्हणून कालचा दिवस घडला तसा लिहितो (थोडंफार मीठ-मसाला हाताला लागतोच, ते सोडून द्या). वाचा आणि मग ठरवा.

सकाळीच प्राध्यापिका इल्हामबाईंनी आम्हाला दिक्समच्या पठारावर नेलं. पोरंपोरी पुढे, मी मागे. (राखणदाराने मागेच चालायचं असतं. धाप लागण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.) रक्तासारखा लाल डिंक देणारी हिरादखणाची झाडं तिथे वाऱ्याने उलटलेल्या छत्र्यांसारखी उभी आहेत, पण सगळी म्हातारी. कोवळं एकही नाही, कारण जमिनीतून जरा काही वर आलं की बकऱ्या ते फस्त करतात. आपसूक उगवलेलं एक तरी रोप उघड्यावर सापडावं म्हणून बाई दर वर्षी येतात आणि दर वर्षी हात हलवत परत जातात. ते रोप काल कोणाला सापडलं असेल? आपल्या अफ्राहला! दोन खडकांच्या फटीतून अर्धी पलीकडे गेली आणि तिथूनच ओरडली. कांद्याच्या पातीएवढं ते रोप, पण ते पाहून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंडाने म्हणालो, पातीसाठी कोण रडतं! पण माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं एक बटण गेलं.

मोजमापाचं सामान आणि कुंपणाची जाळी खाली गाडीत राहिली होती. ती आणायला सगळे गेले आणि रोपाच्या राखणीला मी बसलो. "बाबांच्या हातून आजवर मासा सुटला नाही, रोप काय सुटणार!" असं अफ्राह सर्वांदेखत म्हणाली. एवढं ऐकल्यावर मी वाघाशीही लढलो असतो.

पण आली बकरी. तिच्याआधी तिचा मालक आमेर आला होता. त्याने त्यांच्या रीतीप्रमाणे नाकाला नाक लावून विचारपूस केली, ताकाचा वाडगा पुढे केला, मी दोनदा रिकामा केला आणि तो चहा टाकायला गेला. ताक याच बकरीचं. आता तुम्हीच सांगा दादा, जिचं ताक पोटात आहे, जिच्या मालकाच्या दारात आपण पाहुणे आहोत, तिला दगड कसा मारायचा? आपले वडील कबरीतून उठून आले असते. म्हणून मी तिची समजूत काढू लागलो. "बाई गं, मी तुझ्या मालकाचा पाहुणा आहे, जरा लाज धर." तिने धरली नाही. मी रोपावर शाल पांघरली, तर तिने शालच खायला घेतली, काठापासून, अगदी सावकाश. शेवटी मी अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा रोपावर फतकल मारून बसलो. शाल संपल्यावर ती माझ्या सदऱ्याकडे वळली.

तेवढ्यात आमेर चहा घेऊन आला. "काय हो, सगळं ठीक आहे ना?" मी म्हणालो, "अल्लाची कृपा! बकरी फार माणसाळलेली आहे." याहून जास्त काही बोलणं म्हणजे त्याच्या घराला नाव ठेवणं. एवढ्यात अफ्राह धापा टाकत पोचली. तिने मला पाहिलं, बकरीला पाहिलं, आणि बकरीबद्दल चकार शब्द काढला नाही. सरळ आमेरपुढे उभी राहून म्हणाली, "आमेरकाका, हे रोप मी तुमच्या तोंडावर ठेवते."

दादा, या शब्दांचं वजन तुम्हाला सांगायला नको. तोंडावर ठेवलेलं म्हणजे अब्रूवर सोपवलेलं, त्याला धक्का लागला तर तोंड दाखवायला जागा नाही. आमेर गंभीर झाला. "माझ्या तोंडावर," असं म्हणून त्याने छातीवर हात ठेवला. मग बकरी बांधली, भावांना हाका मारल्या आणि रोपाभोवती कमरेएवढी दगडी भिंत रचली. कोणाच्याही बकरीने याला तोंड लावलं तर भरपाई माझ्या कळपातून, असं त्याने जाहीर केलं. इल्हामबाई बकरीवाल्यांना कुंपणाच्या जाळ्या वाटून थकल्या होत्या. पोरीने एका वाक्यात काम केलं. बाजारात जन्मभर मी असे शब्द दिले-घेतले, पण पातीएवढ्या रोपासाठी ते मला सुचले नाहीत. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. ती माझी मुलगी आहे, दादा. म्हणजे आपली. (रोप माझ्या बसण्याने थोडं वाकलं आहे. सरळ होईल म्हणतात.)

आता ठरवा. तुमचा आज्ञाधारक,
सालमीन

ता.क. शाल तुमची होती, ईदची. निघताना खुंटीवरून चुकून माझ्या खांद्यावर आली. काठाचा एक तुकडा वाचला आहे, तो आणतो आहे.

ता.क. अफ्राहला कॉलेजात राहू द्या, पुढच्या सगळ्या सहलींनाही पाठवा. पण एक अडचण आहे. इल्हामबाई म्हणाल्या की यापुढे कोणाच्या बापाला यायची गरज नाही, आणि अफ्राहने लगेच मान डोलावली. पुढच्या वर्षी गुहा बघायच्या आहेत, दादा. तेव्हा 'बाप बरोबर असेल तरच' ही अट तेवढी काढू नका. तुमच्या हातानेच तिला लिहा, मी सांगितलं म्हणू नका, आणि जरा रागावून लिहा. माझा राग ती मनावर घेत नाही.