दहा हजार पोती आणि वीस फोन

किन्हवली, ता. शहापूर
गुरुवार

ती. कमळाआत्याच्या पायांवर डोकं ठेवतो. (एकदाच ठेवतो. दोनदा ठेवलं तर तू म्हणशील, महिपतला काहीतरी पायजे.)

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आता लांबचं दिसतं आणि जवळचं दिसत नाही, असं कळलं. म्हणून हे पत्र कुणालीवहिनी वाचून दाखवणार हे धरूनच लिहितोय. वहिनी, नमस्कार. आवाज मोठा लावा, आत्या मधेच "हा मेला काय म्हणतो?" असं विचारेल, तिकडे लक्ष देऊ नका. इकडे आई बरी आहे, गुडघा सोडला तर. रेश्मा बरी आहे, माझ्याशी बोलत नाही एवढंच. म्हैस बरी आहे. भात उभं आहे. दोन एकर निमगरवं, पिवळंधमक, लोंब्या खाली टेकल्यात. तू म्हणशील, कार्तिक निम्मा झाला, अजून उभं? तेच सांगायला बसलोय. काळजीचं काही नाही. (वहिनी, "काळजीचं काही नाही" हे जरा जोर देऊन वाचा.)

आता तू म्हणशील, फोन का नाय केलास रे? तर आत्या, गंमत ऐक. माझ्याकडे सध्या वीस फोन आहेत. खोटं नाही, मोजून वीस. आणि त्यातल्या एकावरूनही तुला हॅलो म्हणता येत नाही! माझा स्वतःचा एकविसावा होता तो रेश्माने काढून घेतलाय आणि कुठे ठेवलाय ते सांगत नाही. कणगीत असावा असा मला संशय आहे, कारण काल कणगीतून बियाण्याच्या कंपनीची जाहिरात ऐकू आली.

तर पहिल्यापासून सांगतो. भादव्यात एका बियाण्याच्या कंपनीने मोबाइलवर खेळ काढला. नाव "सोन्याचं शिवार". त्यात आपण भात लावायचं, बोटानेच पाणी सोडायचं, बोटानेच कापायचं, आणि पोती कोठारात. (चिखल नाही, विंचू नाही, कंबर नाही. आत्या, खेळ करणाऱ्याने जन्मात लावणी केलेली नसणार.) शिवाय रोजची वीस पोती फुकट. एकाने दुसऱ्याला पोती पाठवताही येतात, खेपेला एक पोतं हमाली कापतात. आणि हंगाम संपताना अख्ख्या जिल्ह्यात ज्याच्या कोठारात जास्त पोती, त्याला बक्षीस काय? भात कापायचं मशीन! खरं! लोखंडाचं! चाकांवरचं! मी तो फोटो पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला गो आत्या. म्हटलं, आपली आई विळा धरून धरून वाकली, आत्या अजून वाकतेय, आता बास. हे मशीन आपल्या घरात आलं पाहिजे. आधी माझं कापू, मग तुझं, मग निम्मी किन्हवली.

पण एका फोनवर एकच खातं चालतं आणि एका खात्याला वीसच पोती. अशाने मशीन काय, विळ्याची मूठही मिळाली नसती. तेव्हा माझा मेव्हणा स्वरूप, तो शहापूरला मोबाइलच्या दुकानात आहे तोच (लग्नात ज्याने तुझ्या पानात तिसऱ्यांदा जिलेबी वाढली तो), त्याने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "दाजी, फोन घ्यायचा नाय, भाड्याने घ्यायचा. क्लाउडवर." म्हणजे कसं, की फोन खरा नसतोच. कुठेतरी लांब मोठ्या कॉम्प्युटरात असतो, आपल्याला फक्त त्याचा पडदा दिसतो. हात लावायला नाही, चार्जिंग नाही, पडून फुटायचा नाही. महिन्याच्या भाड्याने असे पाहिजे तेवढे मिळतात. आणि खरी कमाल पुढेच आहे! एकदा आपण बोट फिरवून दाखवलं, की इथे दाबायचं, तिथे दाबायचं, पोती उचलायची, महिपतला पाठवायची, की मग तो फोन ते काम स्वतःच करत बसतो. जेवत नाही, तंबाखू मळत नाही, नाक्यावर जात नाही. असे गडी मी आयुष्यात पाहिले नव्हते.

मी वीस घेतले. वीस खात्यांना वीस नावं पाहिजेत, तर परकी नावं कशाला? पहिलं खातं तुझ्या नावाचं काढलं. "कमळाबाई मुरबाड". (आहे की नाही मान?) मग आई, रेश्मा, आमचे आजे, पणजे, तुझे यजमान, आणि माणसं संपली तेव्हा दोन बैल आणि मेलेली कुत्री धरून वीस पुरे केले. रोज सकाळी चहा पिता पिता पडद्यावर बघायचो. कमळाबाई मुरबाड यांनी वीस पोती पाठवली. ढवळ्या यांनी वीस पोती पाठवली. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. अख्खी भावकी माझ्यासाठी राबतेय असं वाटायचं. महिन्याभरात मी जिल्ह्यात पहिला! साडेदहा हजार पोती! खाली दुसऱ्या नंबरला भातसानगरचा कोणी धरणावरचा फिटर, तो पार मागे.

आता आत्या, खरं तेही लिहितो. मशीन आपलंच या भरात मी दसऱ्याला तुला निरोप पाठवला, की यंदा सावडीला कापायला येऊ नकोस, मशीन येतंय. वर मीही तुझ्याकडे आलो नाही. एवढी वर्षं आधी तुझं लवकर पिकणारं हळवं भात कापायचं, आम्ही दोन दिवस मुरबाडला, मग तुम्ही आठ जण दोन दिवस आमच्याकडे, भाकऱ्या, सुकट, तुझी दटावणी, असंच चाललंय. यंदा तू डोळ्याला पट्टी असताना सुनेला घेऊन कापलंस असं कळलं. मला तेव्हा काही वाटलं नाही, मी पोती मोजत होतो. आता वाटतं. चांगलंच वाटतं. पण ते असो, पुढची मजा ऐक.

शेवटचा दिवस शुक्रवार, संध्याकाळी सहाला मोजणी. शुक्रवारी सकाळी आई माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि पडद्यावर तिला तुझं नाव दिसलं. तिला एवढी अक्षरं वाचता येतात. म्हणाली, "कमळाने वीस पोती धाडली?" मी म्हटलं, आई, ही खरी नाय. म्हणाली, "नाव तर खरं हाय ना?" म्हटलं, हो. म्हणाली, "आणि तू काय धाडलंस?" मी म्हटलं, काय नाय. झालं! आईने कपाळावर हात मारला. म्हणाली, "नणंदेकडनं महिनाभर येतंय आणि तू भांडं रिकामं ठेवलंस? या घरातनं कुणाचं पातेलं कधी रिकामं गेलं नाय. काय नाय तर मूठभर तांदूळ, दोन मिरच्या तरी घालतो आमी. तोंड कसं दाखवू तिला?" मी समजावलं, की आई, तो फोन आहे, कॉम्प्युटरातला आहे, त्याला लाज नसते. तर म्हणाली, त्याला नसेल.

आणि आत्या, मलाही वाटलं गो. तुझं नाव समोर, रोज वीस पोती देतेय, आणि मी बसून घेतोय. प्रत्यक्षात तुझ्या शेतावर गेलो नाही ते नाहीच, म्हटलं इथे तरी दोन पोती परत करावीत. साडेदहा हजारांत दोन पोत्यांनी काय होतं? म्हणून मी माझ्या खात्याला बोट फिरवून शिकवलं, की कुणाकडून पोती आली की आलीत त्याहून दोन जास्त परत करायची. आई म्हणाली, "आता माणसात आलास." मग मला वाटलं, नुसतं तुलाच का, आज्यांना का नको, ढवळ्याने काय घोडं मारलंय? म्हणून ते शिकवणं सगळ्या फोनांवर उतरवलं. एकच बटण असतं, "सर्वांना लागू करा". ते दाबलं, पोटभर जेवलो आणि कुदळ घेऊन खाचरावर गेलो, कारण मशीन आत यायला बांध फोडून वाट करायची होती.

तीन तास बांध फोडला. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, मशीन येतंय. एक जण म्हणाला, बांध नंतर फोड, आधी भात काप, दाणा गळतोय. मी हसलो त्याला. (वहिनी, हे जाऊ द्या, पुढे वाचा.)

चहाला घरी आलो, पडदा बघितला. कोठारात तीन पोती.

आत्या, मी डोळे चोळले, फोन हलवला, फुंकर मारली. तीनच. मग मागचं सगळं वाचत गेलो तेव्हा उलगडा झाला. तू मला वीस पोती दिलीस. मी तुला बावीस परत केली. तुझ्या फोनलाही मीच शिकवलं होतं, की आलं त्याहून जास्त परत करायचं, नसेल तर असेल तेवढं. तर तू ती मला परत केलीस. मग मी तुला त्याहून जास्त. मग तू मला. तिकडे आजे आणि मी, पणजे आणि मी, ढवळ्या आणि मी, सगळ्यांचं हेच! "घ्या हो." "छे छे, तुमीच घ्या." "असं कसं, घ्यायलाच पायजे." लग्नात आहेरावरून ओढाताण चालते ना मांडवात, तसे वीस फोन तीन तास एकमेकांना आग्रह करत बसले. कोणी मागे हटेना. आणि दर खेपेला एक पोतं हमाली! साडेदहा हजार खेपा झाल्या आणि साडेदहा हजार पोती हमालीत गेली. कोणी खाल्ली नाहीत, कोणी विकली नाहीत, नुसती मानपानात संपली. शेवटची खेप चार वाजून दहा मिनिटांनी ढवळ्याने मला केली होती, एका पोत्याची.

मशीन भातसानगरच्या त्या फिटरला मिळालं. क्वार्टरमध्ये राहतो, खिडकीत कुंडीत तुळस आहे, तेवढीच त्याची शेती. पण माणूस सरळ, एका फोनवर एकट्याने खेळला, त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. मला कंपनीचा संदेश आला, की तुमच्या खात्यांत बैल आढळले आहेत, तरी पुढच्या हंगामात भाग घेता येणार नाही. रेश्मा त्या दिवसापासून बोलत नाही. आई मात्र खुश आहे. सगळ्या गावाला सांगते, गेलं तर गेलं, आपल्याकडनं कुणाचं राहिलं नाय.

पण आत्या, एक गोष्ट मानलीच पाहिजे, की ते फोन चालले काय! दहा हजार खेपा, एक चूक नाही! मी शिकवलं तेच त्यांनी केलं, अक्षर न अक्षर. विचार कर, शिकवणारा जरा बरा असता तर मी आज कुठे असतो. असो. घरात सर्वांना नमस्कार, वासराला गोंजार, डोळ्यात औषध वेळेवर घाल.

तुझा भाचा,
महिपत

ता. क. : फोनांचं भाडं अजून नऊ दिवस शिल्लक आहे. वहिनींना दोन-चार लागले तर सांग. फक्त ते काही परत करायला लागले तर लगेच बंद करा.

ता. क. दुसरा : वर काळजीचं काही नाही असं लिहिलंय, ते खोटं आहे. भात नुसतं हात लावला तरी गळतंय. काल खाचरात खाली बघितलं तर जमिनीवर दाणेच दाणे, वर चिमण्यांची चैन. मी आणि रेश्मा दोघांनी धरलं तर आठ दिवस लागतील आणि आठ दिवसांत निम्मंसुद्धा हाती येणार नाही. वर्षभर खायचं ते तेवढंच आहे. गावात कोणाला बोलवायला तोंड नाही, सगळ्यांना मशीन सांगून बसलोय, आणि या वर्षी मी कुणाच्याच शेतावर गेलेलो नाही. तुझ्या तर नाहीच नाही. तुला ये म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून म्हणत नाही. लाज वाटते आत्या, खरंच लाज वाटते.

ता. क. तिसरा : हे मुरबाडच्या स्टँडवर बाकावर बसून लिहितोय. सकाळच्या सरळगावच्या गाडीने निघालो. पत्र वहिनींच्या हातात मीच देणार आहे, आणि तुझं ऐकून होईपर्यंत गोठ्याच्या मागे उभा राहणार आहे. रेश्मा पण आलीय, पण इतक्या दिवसांनी आज पहिल्यांदा बोलली ती एवढंच, की मी काय चोरी केलेली नाय, मी लपणार नाय. ती बहुतेक एव्हाना तुझ्यासमोरच बसली असेल. कळलं की तुझं हळवं कापून झालंय पण झोडायचं राहिलंय. भारे खळ्यावर आहेत ना? मग नुसता उभा राहत नाही, तू हे ऐकतेस तोवर झोडायला सुरू करतो. दोन दिवसांचं माझं देणं आहे, ते झाल्याशिवाय घरी जाणार नाही, तिकडे गळो नाहीतर राहो. तू हाक मारलीस तर पुढे येऊन पाया पडेन. नाही मारलीस, तर झोडणीचा आवाज येईलच तुला.