गेट दोन मिशीवाले

आप्पा, आपल्या वर्कशॉपसाठी मी सॉफ्टवेअर घेतलंय. माणसं सांभाळायचं सॉफ्टवेअर. कुठल्या गिऱ्हाइकाशी काय बोलणं झालं, काय भाव सांगितला, परत कधी फोन करायचा, हे सगळं ते लक्षात ठेवतं. आज तुम्ही असतात, तर म्हणाला असतात, "मंग तू काय करनार, पोरी?" तुम्ही हे म्हणालातच असं धरून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडूनही घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण भांडणात तुम्ही अजून हार जात नाही.

गरज होती म्हणून घेतलं. चाकणच्या एका कंपनीत सकाळी आपल्या फोरमनने माल ठेवायच्या लाकडी पॅलेटचा एक भाव सांगितला आणि दुपारी मी जाऊन दुसरा. माझा जास्त होता. तिथला माणूस हसत म्हणाला, "मॅडम, तुमच्यापेक्षा तुमचा फोरमन परवडतो." मी परत येऊन फोरमनवर ओरडले. तो लातूरकडचा, तुमच्याच हाताखाली तयार झालेला. खिळे निवडता निवडता म्हणाला, "ताई, आप्पा होते तवा समदं एकाच डोक्यात होतं. आता डोके दोन झाले, त्याला मी काय करू?" मी आणखी थोडी ओरडले आणि कॉम्प्युटर उघडला.

तुमचा नंबर मी बंद केलेला नाही. करणार कसा? आपण बनवलेल्या प्रत्येक पॅलेटवर तो रंगाने छापलेला आहे आणि ती पॅलेटं कुठं कुठं फिरत असतील देव जाणे. वर्कशॉपचा फोन म्हणून तोच चालू ठेवला आणि त्यातली तुमची माणसंही तशीच राहिली. त्यात धड नाव असलेला माणूस शोधून सापडत नाही. 'बिनसाखर चहा'. 'जावई मिल्ट्रीत देहूरोड'. 'बोलतो फार'. आणि नुसते 'पाव्हणं' तर कितीतरी. पहिलं सॉफ्टवेअर मी आणलं ते फुकटातलं होतं. त्याने आल्या आल्या विचारलं, सारख्या नावाच्या नोंदी एकत्र करू का? मला ते फार टापटिपीचं वाटलं, मी हो म्हटलं. झालं, तुमचे सगळे पाव्हणं मिळून एकच पाव्हणं तयार झाले. त्यांना फोन केला की कधी मोशीचा वीटवाला उचलायचा, कधी आईच्या मामेभावाची सून. ते सॉफ्टवेअर मी त्याच आठवड्यात काढून टाकलं.

दुसरं भारी होतं, परदेशी. महिनाभर वापरून बघा, मग पैसे द्या म्हणाले. त्याला प्रत्येकाचं नाव वेगळं आणि आडनाव वेगळं लागायचं. तुमचे 'गेट दोन मिशीवाले' त्यात घातले, तर त्याने नाव 'गेट' घेतलं आणि आडनाव 'दोन मिशीवाले'. मी हसले आणि तसंच ठेवलं. तिथंच माझी चूक झाली, कारण हा माणूस हसण्यावारी न्यायचा नव्हता.

आठवतात ना तुम्हाला ते? मी नुकती बी.कॉम. होऊन कामावर यायला लागलेय. तुमच्या स्कूटरवर मागे बसलेय, मांडीवर कोटेशनची फाईल, आणि आपण चाकणच्या त्या कंपनीच्या दोन नंबरच्या गेटवर उभे आहोत. हे साहेब तेव्हा स्टोअरमध्ये साधे क्लार्क, पण मिशी अशी की वॉचमनही सलाम करायचा. तुम्ही त्यांच्याशी त्यांच्या आईच्या गुडघ्यावर बोलताय. मग गावच्या विहिरीवर. मग परत गुडघ्यावर. मी फाईल पुढे करते, तर तुम्ही ती हाताने मागे सारता. बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, "आप्पा, ऑर्डरचं तर विचारलंच नाहीत!" तुम्ही किक मारत म्हणालात, "अगं, मानसाशी बोलत होतो न्हवं का मी? मधीच फाईल काय काढतीस? जेवताना कुनी ताटात पाय देतं व्हय?" रस्ताभर मी फुगून बसले होते. ऑर्डर दुसऱ्या दिवशी आली, त्याचाही मला राग आला होता.

तेच साहेब आज तिथल्या खरेदीचे मुख्य आहेत. आपल्या निम्म्याहून जास्त पॅलेटं एकट्या त्यांच्या कंपनीत जातात, आणि वर्षभराची ऑर्डर कुणाला द्यायची ते त्याच महिन्यात ठरणार होतं. ती गेली असती, तर मला निम्मी माणसं घरी बसवावी लागली असती. फोरमनचं तर घराचं कर्ज चालू आहे. म्हणून मी जास्तच दक्ष झाले होते. तुम्ही बऱ्याच जणांच्या नावापुढे तारखा टाकून ठेवल्या होत्या. वाढदिवस, दुसरं काय असणार? मी त्या सगळ्या 'खास दिवस' या रकान्यात भरल्या. त्या त्या दिवशी वर्कशॉपच्या नंबरवरून शुभेच्छा आपोआप जातील अशी सोयही करून टाकली आणि स्वतःवरच खूश झाले.

त्या सकाळी आई चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी, भाकरी थापत होती. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आई, आज मिशीवाल्यांचा वाढदिवस. बघ, मी झोपेत असतानाच शुभेच्छा गेल्यासुद्धा." आईचे हात थांबले. "कुठली तारीख?" मी सांगितली. "अगं भवाने, आज त्यांच्या वडलांची पुण्यतिथी! तुझ्या बापानं सगळ्यांचे तसलेच दिस लिवून ठेवल्यात. ते म्हनायचे, वाढदिवसाला समदेच फोन करत्यात, ह्या दिवशी कोन करतंय?" मी फोन उघडला. लाल-पिवळे फुगे, तीन मजली केक आणि खाली ठळक अक्षरांत: 'प्रिय गेट, आजच्या आनंदाच्या दिवशी हार्दिक शुभेच्छा! असे क्षण तुमच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येवोत!' भाकरी करपल्याचा वास आला. आईलाही भान नव्हतं.

त्यांचं घर मोशीतच, आपल्यापासून जवळ. हार घेतला, पेढे घेणार होते तेवढ्यात शुद्धीवर आले. गाडी लावली. बेल दाबली. दार त्यांनीच उघडलं. मिशी कधीच गेली आहे, डोक्यावरचे केसही तिच्या मागोमाग गेलेत. माझ्याकडे बघून ते गंभीरपणे म्हणाले, "या मॅडम. मीच गेट." आतून त्यांच्या बायकोचा हसू दाबल्याचा आवाज आला. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. चाळिशी उलटलेली बाई, हातात झेंडूचा हार, दारात उभी राहून हुंदके देतेय. शेजारच्यांना वाटलं असेल, गेलेले माझेच कुणी होते.

त्यांनी आत नेलं, पाणी दिलं. मग ऑफिसातलं 'मॅडम' गळून पडलं. "अगं, ऐक. तुझे आप्पा होते तोवर दरवर्षी ह्या दिवशी सकाळी त्यांचा फोन यायचा. बोलायचे काय, तर 'जेवून घ्या येळेवर', आणि ठेवून द्यायचे. ते गेले आणि फोन बंद झाला. माझ्या सख्ख्या भावालाही तारीख आठवत नाही. आज इतक्या वर्षांनी ह्याच दिवशी सकाळी फोन वाजला आणि नाव आलं 'पॅलेट आप्पा'." त्यांनी स्क्रीन माझ्यापुढे धरली. खरंच आप्पा, त्यांनीही तुम्हाला असंच ठेवलंय, नाव ना आडनाव. "क्षणभर माझ्या अंगावर काटा आला. मग फुगे दिसले." ते हसले आणि चष्मा काढून पुसत बसले. मी परत माफी मागून ऑर्डरचं बोलायला लागले, तर म्हणाले, "ते ऑफिसात. आता पानावर बस." मी खीर दोनदा घेतली. ऑफिसात मात्र त्यांनी पुढच्या आठवड्यात भावावरून माझा असा घाम काढला की ती खीर मला महागात पडली. पण ऑर्डर आपल्याकडेच राहिली, माणसंही राहिली.

मग तिसरं सॉफ्टवेअर घेतलं. विकायला हिंजवडीहून एक मुलगा आला होता, पुनावळ्याला राहतो म्हणाला, ट्रॅफिकवर बराच वेळ बोलला. मी म्हटलं, आडनाव रिकामं ठेवता आलं पाहिजे, आणि आपोआप काही म्हणजे काही जाता कामा नये. तो बिचारा गोंधळला. "मॅडम, मग ह्याचा उपयोग काय?" मी म्हटलं, "त्याने फक्त मला आठवण करायची. फोन मी करणार." त्याने मान डोलावली, पण असलं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं. आता तुमच्या तारखांना मी स्वतः फोन करते. काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून 'जेवून घ्या वेळेवर' म्हणते आणि ठेवते. तेवढं पुरतं, असं दिसतंय.

सगळी माणसं भरून झाल्यावर मी एक नोंद तुमचीही केली. नाव आप्पा, नंबर तोच. 'पुढचा फोन कधी' हा रकाना भरल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाही, म्हणून मी 'उद्या' लिहिलं. तेव्हापासून रोज सकाळी शटर वर केलं की तुमचाच फोन मला सांगतो, आप्पांना फोन करायचा आहे. त्याच फोनवरून त्याच नंबरला लावला, तर एंगेजच लागणार. मध्ये एकदा त्याने सल्लाही दिला: या ग्राहकाशी बरेच दिवस बोलणं नाही, काही सवलत देऊन पाहा. मी हसले, फोरमनला दाखवलं, तोही हसला आणि मग खिळे आणायला म्हणून आत गेला तो बराच वेळ आलाच नाही.

हे पत्र काही कुठं जायचं नाही, ड्रॉवरमध्ये पडेल. आठवणीच्या खाली दोन बटणं असतात, एक 'झालं' आणि एक 'उद्या'. आज एवढं बोलले तुमच्याशी, 'झालं' दाबायला हरकत नव्हती. पण आप्पा, मी आजही 'उद्या'च दाबलंय.