दोन प्रोसेसर, एक पाटी

३ मे, शनिवार
सव्वीस टक्के. काल पंचवीस होते. मशीनीत दोन प्रोसेसर आहेत, दोन! कॉलेजच्या भंगारातून हा जुना सर्व्हर उचलला तवा अख्ख्या आर्णी गावाले सांगत फिरली मी.

कादंबरी म्हणजे माही बाराशे सुटी वाक्यं. क्रम मशीन लावणार. शेजारची दोन वाक्यं एकमेकांसारखी नकोत, एवढाच नियम. प्रोग्रामही मीच लिहिला. एका मासिकाच्या नव्या लेखकांच्या अंकासाठी वीस तारखेपर्यंत पाठवायची आहे. या चालीनं जुलै उजाडते.

५ मे
कूलरचं तोंड मशीनीकडे केलं. बाबा बनियनवर पेपरानं वारा घेऊन राह्यले. आई सर्व्हरकडे पाहून म्हणे, "त्याले ताक पण देऊ काय?"

अठ्ठावीस.

६ मे
धम्मदीपच्या दुकानात गेलती. बस स्टँडसमोर, मोबाइल-कम्प्युटर रिपेअरिंग. बी.एस्सी.ले सोबत होतो आम्ही.

"दोनचं काय घेऊन बसली? गिऱ्हाइकाच्या मोबाइलात आठ असतात." मंग म्हणे, प्रोसेसरजवळच एक बारीक साठा असते — कॅश. "रोजचे स्क्रू माह्या टेबलावर, बाकीचे मागच्या खोलीत. टेबलावर भेटलं तर झटकन काम. नाही भेटलं की उठा. तुही मशीन दिवसभर उठबस करून राह्यली."

जुन्या मशीनीचं टेबल लहान म्हणे. सरळ बोल ना, माही ऐपत लहान.

याले कादंबरीतलं काय समजते? कॉलेज सुटल्यावर एक पुस्तक नाही वाचलं. स्क्रू मोजत मरणार हा.

९ मे
घरी आला. प्रोग्राम वाचला. "खुशी, दोन्ही प्रोसेसर एकाच पाटीवर लिहून राह्यले."

वाक्यांची किती अदलाबदल झाली तो आकडा मी एकाच जागी ठेवला — दोघांसाठी. एकानं बदलला की दुसऱ्याच्या कॅशमधली नक्कल बाद. त्यानं नवी मागवली की पहिल्याची बाद. दिवसभर हेच.

त्यानं एक प्रोसेसर बंद केला. एकटा जास्त पळाला.

आई दारात उभी होती. सगळं पाह्यलं तिनं.

१० मे
दोघांले वेगळ्या पाट्या दिल्या, बेरीज शेवटी. वाक्यं शंभर-शंभरच्या गठ्ठ्यानं, टेबलावर मावतील एवढी. सकाळी लावलं, बारापर्यंत शंभर टक्के.

महिनाभर मशीनीले शिव्या दिल्या. चूक माह्या चार ओळीत होती. त्याले थँक्यू नाही म्हणवलं.

१२ मे
दुकानात प्रिंट काढली. धम्मदीप मोठ्यानं वाचत होता. गल्लीतल्या विमलताई रिचार्जले आलत्या, स्टुलावर बसल्या. तीन पानं झाली. त्यांनी दोनदा घड्याळ पाह्यलं, एकदा जांभई दिली.

मंग त्यानं वाचलं, "त्याले ताक पण देऊ काय?" विमलताई हसल्या. "कोनाले व? पुढं वाच ना."

माह्या कादंबरीत ताक नाही.

ही रोजनिशी कादंबरीच्याच फोल्डरमधी आहे. मी मशीनीले फोल्डर दाखवला, फाइल नाही. मशीननं सारंच एकात मिसळलं.

"वाचू नको," म्हटलं मी. तोवर त्याची नजर खालच्या ओळीवर गेलती. "स्क्रू मोजत मरणार हा." वाचलं. आवाज बदलला नाही त्याचा.

विमलताई म्हणाल्या, "हे खरं लिवलं हाय. कोनावर हाय?"

गठ्ठा तिथंच सोडून आली.

१३ मे
फोन केला. कट केला त्यानं.

१४ मे
सकाळी दारापुढच्या ओट्यावर पाकीट. बाराशे वाक्यांतलं एकही नाही त्यात. फक्त रोजनिशीची वाक्यं — कैचीनं कापून, तारखेनुसार कागदावर चिकटवलेली. स्क्रूचं वाक्यही जागेवर. त्याच्याखाली त्याच्या अक्षरात : "मोजत नाही. आकारानं लावतो."

मशीन बंद केली. कूलर बाबांकडे फिरवला. वीस तारखेले हीच पानं जातील. त्याची ओळ ठेवू काय, हे विचारायले दुकानात जावं लागते.