रोझविटाचा देवदूत

लाइपझिग, ६ जानेवारी १९९३

चि. गेर्नोट यास, अ. आ. वि. वि.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले, मनात नाहीत. शेजारच्या हायकेचा फोन आला होता. आई गेल्यावरच्या पहिल्याच नाताळात आपल्या खिडकीत तुझा लाकडी खाणकामगार एकटाच दिवा धरून उभा आहे म्हणे. मुलामागे एक खाणकामगार, मुलीमागे एक देवदूत. रस्त्यावरचा माणूस खिडकी बघून घरातली पोरं मोजतो. माझा देवदूत काढलास म्हणजे या घरात मुलगी जन्मलीच नाही, असं तू गावाला सांगितलंस. बाबांनी माझ्या बाप्तिस्म्याला हाताने कापलेला तो. मुकाट्याने परत ठेव.

इलाज नाही म्हणून तुझी बहीण,
रोझविटा


ओबरग्रुंड, १५ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नमस्कार लांबूनच. देवदूत मीच काढला आणि चुलीत घातला. लिंडनचं लाकूड, छान जळलं. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी तिला भरवत होतो, तिच्या चादरी धूत होतो, आणि तू वाढदिवसाला केक पाठवत होतीस. मातीला आलीस तीही पेटीवर खिळे ठोकून झाल्यावर. अशी मुलगी खिडकीत कशाला मिरवायची?

एवढीच हौस असेल तर स्वतः कापून दाखव. बाबांच्या तोडीचा झाला तर ठेवीन, शब्द देतो. होणार नाही म्हणूनच देतो. तुला पेन्सिलीला टोक काढता येत नव्हतं.

लोभ आटला आहे, कळावे.
गेर्नोट


लाइपझिग, ९ मे

चि. गेर्नोट यास,

आशीर्वाद संपले. बारीक पात्याची मोटरची करवत घेतली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलीय, सूपमध्येसुद्धा भुसा लागतो. पाती तटातट तुटतात, लाकूड करवतीवर उड्या मारतं. अंगठ्याला टाके पडले. तरी देवदूत झाला, सोबत पाठवते. नाक जरा तुझ्यासारखं आलंय, त्याला माझा इलाज नाही. डोळे असतील तर बघ आणि जागेवर ठेव.

रोझविटा


ओबरग्रुंड, २० मे

ती. ताईस, न. वि. वि.

पार्सल उघडलं, हायकेलाही बोलावून दाखवलं. पोट धरधरून हसलो. अगं बाई, पातं उलटं बसवलंस! दात खाली हवेत, वर नव्हे. म्हणून लाकूड उड्या मारतं. बाहेरची कड आधी कापलीस, मग आतली नक्षी कापताना धरणार काय, कपाळ? आधी भोकं पाडायची, पातं त्यात ओवून नक्षी कापायची, कड सगळ्यात शेवटी. आणि लाकडाच्या रेषा पंखाला आडव्या! पंख टपालातच मोडला. तुकडे परत पाठवतोय. शिकवतोय असं समजू नकोस, लाज काढतोय.

गेर्नोट


लाइपझिग, १४ नोव्हेंबर

गेर्नोट,

सोबत देवदूत. पंख वाकवून बघ. मोडला तर चुलीत घाल, तुला सवय आहे. नाही मोडला तर शब्द पाळ. तेवढं तरी बाबांनी तुला शिकवलं असेल.

रोझविटा


ओबरग्रुंड, २९ नोव्हेंबर

ती. ताईस, वि. वि.

पंख दोन्ही हातांनी वाकवला. मोडला नाही. काल नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला, खिडकीत दिवे लावले. तुझा देवदूत माझ्या खाणकामगाराशेजारी ठेवला. हायके म्हणाली, बाबांच्याच हातचा वाटतो.

तुझा जुना देवदूत मी जाळला नव्हता. शेवटच्या आठवड्यात आईने तो खिडकीतून मागून घेतला आणि छातीशी धरून ठेवला. भरवायचो मी, आणि ती मला विचारायची, रोझी, आलीस का गं? ती गेली तेव्हा बोटं सोडवेनात, म्हणून तो तसाच पेटीत गेला. तुला सांगितलं नाही, कारण ऐकून तुला बरं वाटलं असतं, आणि तेवढं सुख तुला द्यायची माझी इच्छा नव्हती. अजूनही नाही. पण काल दोघांना शेजारी उभं बघितलं आणि ते पोटात ठेवणं जमेना.

माझा खाणकामगारही तिथेच, खिडकीत होता. तो तिने मागितला नाही.

उत्तर पाठवू नये.
गेर्नोट