बारा आठवड्यांनी परत

२ डिसेंबर, सोमवार
आज रोहण्यात तलाठी म्हणून रुजू झाले. नोकरीची पहिलीच जागा! खोलीही छान मिळाली, लीलाबाईंच्या घरात, कार्यालयापासून पाच मिनिटांवर. त्या एकट्याच असतात. मुलगा-सून शेजारच्या घरात. दोन वर्षांची नात काजल दिवसभर इकडेच. पाटवडी-रस्सा जेवले आणि ती माझ्या मांडीवर येऊन बसली ती उठेचना. लीलाबाई हसल्या, “म्याडम, हे पोरगी तुमाले सोडून नाई राह्यली.” गोपालला फोनवर सगळं सांगितलं. जाम गावच्या चौकात त्याचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे, ते टाकून त्याला इथे राहता येणार नाही. दर रविवारी येईल. लग्नाला चार वर्षं झाली, वेगळं राहायची ही पहिलीच वेळ. खिडकीतून तुरीचं शेत दिसतं.

८ डिसेंबर, रविवार
गोपाल आला. खिडकीला पडदा लावून दिला, गॅसची नळी बदलली. काजल त्याला भ्यायली, मग त्याच्याच चपला घालून अंगणभर फिरली. सुखाचा दिवस.

१२ डिसेंबर, गुरुवार
दोन दिवस कणकण आहे. लघवीला आग होते. आज आंघोळ करताना खाली बारीक फोड लागले हाताला, पाण्यानं भरलेले. फेरफाराच्या कामाला दिवसभर माणसं होती. उठता-बसता जीव जात होता. गोपालला कळवलं, ताप आहे, या रविवारी नको येऊस.

१६ डिसेंबर, सोमवार
अर्धी रजा टाकून आर्वीला त्वचेच्या डॉक्टरबाईंना दाखवलं. संबंधातून लागणारा हर्पिस असेल म्हणाल्या, नसेलही. फोड सुकत आलेत, नुसतं बघून खात्री देता येत नाही. फोडाचा नमुना घेतला, रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. मी विचारलं, कुणाकडून आलं असेल? म्हणाल्या, कुणाकडून आणि केव्हा, हे कुणीच सांगू शकत नाही. अंगात वर्षानुवर्षं गप्प राहतं ते. नवऱ्याला सांगा, त्यांनाही तपासू द्या. काजलचंही विचारलं. मांडीवर घेतल्यानं, कपानं, टॉवेलनं लागत नाही म्हणाल्या.

१७ डिसेंबर, मंगळवार
काजल आली, मी उभीच राहिले. डॉक्टरांचं पटतं, पण हात मागे येतो. माझा पेला वेगळा ठेवला. सही करायला कुणाला पेन देववत नाही. लीलाबाईंनी विचारलं, “काऊन म्याडम, पोरीचं काई चुकलं का?” थकलेय म्हटलं. ते खरंच होतं.

१८ डिसेंबर, बुधवार
अभिराम. आम्ही दोघं वर्ध्याला कॉलेजात होतो तेव्हाचा, सात वर्षांपूर्वीचा. गोपालला त्याच्याबद्दल काही माहीत नाही. तेव्हापासूनच असेल तर मीच गोपालला— आणि तेव्हाचं नसेल तर गोपालनं— त्याच्यावर संशय घ्यावा असं कधी काही घडलं नाही. एकदा हा, एकदा तो. दोन नावांमध्ये फिरून फिरून डोकं शिणलं.

२० डिसेंबर, शुक्रवार
डॉक्टरांचा फोन. नमुन्यात काही सापडलं नाही— पण तेवढ्यावरून नाहीच असं म्हणता येत नाही. रक्ताचा निकाल अधलामधला. बारा आठवड्यांनी परत तपासू.
बारा आठवडे. मार्च.
फोड गेले. दुखत नाही. तरी दार लावून पुन्हा पुन्हा बघते. काही दिसत नाही, हेच जास्त— आत कुणीतरी श्वास रोखून बसलंय, मी विसरायची वाट पाहत—

२१ डिसेंबर, शनिवार
गोपाल उद्या येतोय. नको म्हणायला कारण उरलं नाही.
त्याच्या गाडीचा आवाज ऐकायला मी आसुसलेली असायची. आता—
काजल आज दारातूनच परत गेली.

२२ डिसेंबर, रविवार, दुपार
आला. पाणी दिलं. डॉक्टरांचा कागद हातात दिला. अभिरामचंही सांगणार होते, शब्द जुळवून ठेवले होते.
त्यानं वाचलं. हे काय आहे, असं विचारलं नाही. कागदाची घडी घातली.
“तुले बी?” म्हणाला. एवढंच. आणि न्हाणीत गेला, हातपाय धुवायला.
बी.
म्हणजे त्याला— कधीपासून— आणि बोलला नाही— की माझ्याचमुळे त्याला—
आधी विचारू, की आधी सांगू—
नळ बंद झाला. कडी काढतोय. मी अजून काही ठरव